गोन्सालो दुभाषा होता हे सांगा ना कुणीतरी

भाचीची अ‍ॅडमिशन वसईच्या संत गोन्सालो गार्सिया कॉलेजात झाली आणि फॉर्म भरता भरता तिने विचारलं, आत्या, हा गोन्सालो गोव्याचा का गं? मी डोक्याला हात लावला. अगं बाई, आपल्याच वसईचा! गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, तिथून आपण शंभर वेळा गेलोय.

पण चूक तिची एकटीची नाही. आम्ही लहानपणी त्याचं चित्र बघायचो ते क्रुसावरचं. भाले, रक्त, वर बघणारे डोळे, झालं. तो माणूस त्याआधी चाळीस वर्षं काय करत होता ते कुणी धड सांगितलंच नाही.

जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. शिकला वसईच्या किल्ल्यातल्या जेझुइट फादरांकडे, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका संघाकडे, त्यांच्या चर्चचं दर्शनी तोंड अजून उभं आहे बघा, आत आता गवत आणि प्रीवेडिंगवाले. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा अशी उचलली की प्रवचनं, धर्मशिक्षण सगळं जपानीत. आठ वर्षं राबला, मला जेझुइट संघात घ्या म्हणून मागे लागला, घेतलं नाही. मला ही गोष्ट त्याच्या मरणापेक्षा जास्त लागते, खोटं कशाला बोलू.

मग पठ्ठ्याने व्यापार सुरू केला, पैसाही केला म्हणतात. पण मन काही रमेना, म्हणून मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाने त्याला ब्रदर म्हणून घेतलं. फादर नाही, ब्रदर. आणि १५९३ मध्ये त्याच संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानला निघाले तेव्हा तिथला सत्ताधीश हिदेयोशीसमोर बोलायला दुभाषा कोण, तर हा वसईचा ब्रदर! अख्खा जपान ज्याच्या मुठीत त्या माणसापुढे उभं राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला नीट पोचवायचं, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मान जायची. पुढे त्या लोकांनी क्योटोत गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. त्या रुग्णांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा माणूस जवळ असणं केवढी मोठी गोष्ट असेल.

१५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, माल जप्त झाला, आणि जहाजावरचा कुणीतरी फुशारकीत बोलून गेला म्हणतात की आमच्याकडून आधी मिशनरी येतात, मागून सैन्य. हिदेयोशी आधीच संशयी. धरपकड झाली, डाव्या कानाचा तुकडा कापला, आणि ऐन थंडीत क्योटोहून नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभर चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर गोन्सालोसकट २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यातला सगळ्यात लहान लुईस इबाराकी फक्त बारा वर्षांचा. पोराकडे बघून पोटात कालवतं. टेकडीवर आता स्मारक आहे, सव्वीसही जण ओळीने.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं. भारतातला पहिला संत म्हणून लोक हल्ली पटकन केरळच्या सिस्टर अल्फोन्सांचं नाव घेतात, पण त्या २००८ च्या आणि पहिल्या भारतीय महिला. आमचा गोन्सालो त्याआधी १४६ वर्षं. हो, एवढा गर्व करते मी.

कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत मिशन, व्हिजन वगैरे असतं ना, सर्वांगीण विकास, मूल्याधिष्ठित शिक्षण, सगळीकडे तेच. इथे तर वर्गात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, कुपारी, वाडवळ, आगरी, कोळी, आणि लोकलने येणारी नालासोपारा-विरारची पोरं. घरी एक भाषा, वर्गात दुसरी, पेपर तिसरीत. अशा पोरांना पहिल्याच दिवशी एवढं सांगा की ज्याचं नाव गेटवर आहे तो दुभाषा होता, आधी त्याला नाही म्हणाले होते, मधे त्याने दुकानदारी पण केली. पोरं कान टवकारतील.

हे सगळं भाचीला सांगितलं तर म्हणाली, तेव्हा तर ना डिक्शनरी ना अ‍ॅप, मग तो जपानी शिकला कसा? म्हटलं, बाजारात जाऊन शिकला असेल, चुकत माकत. तिला सोमवारपासून इंग्लिशमध्ये प्रेझेंटेशन द्यायचंय, त्याचीच धास्ती.