आधी मीटर, मग पॅनेल : आमची वाटचाल

बेळगावात सोलरचा बोर्ड आता गल्लोगल्ली दिसतो. आम्ही धंद्यात आलो ते सोलर गिझरमधून. शहापूर, वडगाव, अनगोळ भागात आमच्या टाक्या अजून गरम पाणी देताहेत. माझा पहिला भागीदार मूळचा वायरमन. पुढे तो गोव्याला गेला आणि जाताना त्याचा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरला जबडा लावून करंट मोजायचं यंत्र, मला देऊन गेला. जबड्याची स्प्रिंग त्यानेच बदललेली, पाठीवर काळी टेप गुंडाळलेली. नव्या पोराच्या हातात मी पहिल्यांदा तोच देतो. नवीन धंदा करणाऱ्यांना सांगतो, वायरच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा क्रिम्पर चांगला घ्या, वायरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर स्वतःचा ठेवा, अर्थिंग मोजायचा अर्थ टेस्टर भाड्याने आणत बसू नका. पॅनेलच्या वायरी जोडायचा एमसी-४ कनेक्टर क्रिम्पर सोडून पकडीने दाबणारा फिटर माझ्याकडे टिकत नाही.

आमचं नाव झालं ते प्रीपेड मीटरवरच्या सोलरमुळे. आणि त्याच कामाने आम्ही बुडायलाही आलो होतो.

शहराबाहेर एक बंगल्यांची कॉलनी आहे. बाहेरून एकच मोठं कनेक्शन, आत प्रत्येक घराला कॉलनीचा प्रीपेड मीटर. रिचार्ज मारायचा, संपला की लाइट जाते. आमचे शहापूरचे काका, गिझरपासूनचं गिऱ्हाईक, तिथे राहायला गेले आणि त्यांनीच आम्हाला कमिटीपुढे उभं केलं. 2022 साल उजाडलं होतं. 1 एप्रिलपासून परदेशी पॅनेलवर 40 टक्के कस्टम ड्युटी लागणार हे जाहीर झालेलं, जीएसटी तर आदल्या ऑक्टोबरातच 5 वरून 12 वर गेलेला. कमिटीने होकार दिला, म्हणून ड्युटी लागायच्या आत माल भरला. उद्यमबागेतलं गोडाऊन छतापर्यंत भरलं.

आणि बाहेरगावची एक कंपनी आली. आमचंच कोटेशन समोर ठेवून प्रत्येक घरामागे दर कमी केला. कमी कसा केला ते मी कागद बघताक्षणी ओळखलं: अर्थिंग एकच दाखवलेलं आणि एक्सपोर्ट लिमिटर, म्हणजे जादा वीज बाहेर जाऊ न देणारं साधन, गायब. कमिटीला मी सांगितलं, लिहूनही दिलं. पण स्वस्ताईपुढे कोण ऐकतंय? कॉलनी गेली. माल पडून, बँकेची लिमिट भरलेली, गोडाऊनचं भाडं चालू. घरातलं सोनं सोसायटीत ठेवून पोरांचे पगार केले. फक्त काका हलले नाहीत. "माझ्या घरावर तूच बसव," म्हणाले आणि पूर्ण रक्कम आधी दिली.

लिमिटरचं प्रकरण नीट समजून घ्या. दुपारी घरात वापर कमी, छपरावर वीज जास्त. उरलेली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. नेट मीटर, म्हणजे आलेली आणि गेलेली वीज वेगळी मोजणारा मीटर, असेल तर ती तुमच्या खात्यावर जमा होते. पण बरेच साधे प्रीपेड मीटर दिशा बघत नाहीत, करंट गेला की युनिट मोजतात. म्हणजे आपलीच वीज बाहेर जाते आणि पैसे आपलेच कापले जातात. म्हणून लिमिटर लागतो: मीटरनंतरच्या मेन वायरवर सीटी, म्हणजे करंट मोजणारा सेन्सर, बसवायचा. तो इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राला, सांगतो, घराला लागते तेवढीच बनव. सीटीवरच्या बाणाची दिशा प्रत्येक मेकची वेगळी, पत्रक वाचल्याशिवाय वायरवर चढवू नका.

त्या एप्रिलच्या उन्हात काकांच्या शेजारच्या, त्या कंपनीचं सोलर बसवलेल्या ताई आमच्या पोराला हाक मारून म्हणाल्या, "काय वो, ऊन पडलं की पैसे जाउलेत, रात्री कमी जातात!" मी स्वतः गेलो. घरातले सगळे स्विच बंद केले, फ्रिजची पिनसुद्धा काढली. मेन वायरला भागीदाराचा क्लॅम्प लावला. नऊ अँपिअर! घरात काहीच चालू नाही आणि मीटरवरचा बॅलन्स डोळ्यांदेखत खाली येत होता. मग त्यांना काकांच्या घरी नेलं. तिथे पंखे, फ्रिज, मोटर चालू आणि बॅलन्स जागचा हलत नव्हता.

त्या कंपनीने आधी मीटर खराब म्हणून सांगितलं, मग फोन उचलणं बंद केलं. जाताना एक बोल मात्र गावभर सोडून गेली: प्रीपेडवर सोलर चालतच नाही. त्या एका वाक्याने आमच्या हातातली बाकीची कामंही गेली. हे मी विसरलेलो नाही. काकांनी पुढे येईल त्याला घरी बोलावून मीटर दाखवला, तेव्हा कुठे गोडाऊन रिकामं झालं.

नंतरची वर्षं बरी गेली. 2023 ला कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आल्यावर "200 युनिटपर्यंत फुकट आहे, सोलर कशाला?" असं लोक विचारायचे. 2024 पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये सबसिडी मिळते, तेव्हापासून विचारणा वाढली. इथल्या वीज कंपनीचा, हेस्कॉमचा, कानडी फॉर्म आम्हीच भरून देतो, पलीकडे महाराष्ट्रात शिनोळी-चंदगडला महावितरणचाही.

पॅनेलचा दर विचारण्याआधी मीटरचं बटण दाबून बघा. 1.8.0 म्हणजे आत आलेली वीज, 2.8.0 म्हणजे बाहेर गेलेली. दोन्ही आकडे स्वतंत्र दिसले तरच नेट मीटरची गोष्ट करा. आणि छपरावर ऊन आहे म्हणून रिचार्ज संपू देऊ नका. बॅलन्स संपला की मीटर लाइन तोडतो, आणि लाइन नसली की ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय लाइनवरच चालणारा, इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतो. भर दुपारी पॅनेल असून अंधार. ते नको असेल तर बॅटरीवाला हायब्रिड घ्या, खर्च वाढेल. जून ते ऑगस्ट आपल्याकडच्या पावसात उत्पादन बरंच खाली येतं, विकणारा हे सांगत नसेल तर त्याला परत पाठवा.

त्या कॉलनीत दुसऱ्यांनी बसवलेल्या पॅनेलना सीटी लावायचं काम आता आमच्याकडेच आहे. मजुरी घेतो, का घेऊ नये? खालच्या ओळीतली काही घरं राहिलीत, ती पावसाआधी उरकायची आहेत.