तुम्ही विचारलंत म्हणून : आईला रोज स्टेरॉइड का देते?

लग्नकार्यात, बाजारात, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांकडून मला एकच प्रश्न येतो : "आईला अजून स्टेरॉइड देतेस? बंद कधी करणार?" तिचा क्षयरोग, गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाच्या फेऱ्या, अ‍ॅडिसनच्या आजाराचे निदान, हे सारे विचारणाऱ्यांना ठाऊक आहे. बंद होणार नाही, हे उत्तर मात्र पटत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिझॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, तयार करतात; त्यावाचून जगता येत नाही, पण किती करायचे हे त्या स्वतः ठरवत नाहीत. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, पीयूषिका एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते, त्याने कॉर्टिझॉल स्रवते, आणि ते पुरेसे झाले की तेच कॉर्टिझॉल वरच्या दोघांना आवरते. पहाटे ते वाढते, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, मोठ्या आजारात कित्येक पटींनी चढते. आईच्या ग्रंथी क्षयाने नष्ट केल्या. आवर घालणारे कॉर्टिझॉलच न उरल्याने पीयूषिका एसीटीएच सोडतच राहिली, आणि ते ज्या मूळ प्रथिनातून बनते त्यातूनच त्वचेचा रंग गडद करणारे संप्रेरकही बनत असल्याने तिच्या तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडल्या. मासळी सुकत घालताना उन्हाने रापली, असे गावाने ठरवले. हिरड्यांना ऊन लागत नाही, हे कोणी लक्षात घेतले नाही. त्याच ग्रंथींचे, मूत्रपिंडात सोडियम (मीठ) धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही संपले होते, त्यामुळे ती शिरोड्याच्या मिठागरातले खडे मीठ नुसते चघळत असे. थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरांनी हा आजार 1855 मध्ये वर्णिला. आईची लक्षणे त्या वर्णनाशी जुळत होती.

स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, हे तुम्ही सांगता ते खरेच आहे. पण ते गरजेपेक्षा जास्त मात्रा दीर्घकाळ दिल्याने होते. आईला सकाळी 10 आणि दुपारी 5 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन, म्हणजे गोळीतले कॉर्टिझॉलच, मिळते, म्हणजे निरोगी शरीर स्वतः करते साधारण तेवढेच. आणि जे दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनीही त्या मनाने एकदम थांबवू नयेत : बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे पीयूषिका गप्प झालेली असते, ग्रंथी निजलेल्या असतात, आणि त्यांना जागे व्हायला महिने लागू शकतात.

एका चतुर्थीला आई माहेरी, मामांकडे राहिली होती. तिला ताप भरला. तापात असली उष्ण गोळी नको, असे घरातल्या जाणत्यांनी प्रेमापोटीच ठरवले आणि मला कळवले नाही. वास्तविक तापात तीच गोळी दुप्पट किंवा तिप्पट द्यायची असते. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. त्या मोदकांवर ढकलल्या गेल्या. मी पोहोचले तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती, हातपाय गार पडले होते. दवाखान्यात रक्तदाब जेमतेम लागत होता, साखर उतरली होती. ड्यूटीवरचे डॉक्टर एवढ्या जंतुसंसर्गात स्टेरॉइड द्यायला कचरत होते. तिच्या डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेले, पर्समधले पत्र मी त्यांच्यासमोर धरले : हायड्रोकॉर्टिझोन 100 मिलिग्रॅम ताबडतोब शिरेतून, सोबत सलाइन. ते पत्र त्यांनी दोनदा वाचले. तेवढा वेळ मी आईच्या छातीकडे पाहत उभी होते, आणि तो वेळ मी कोणालाही माफ करू शकलेले नाही. इंजेक्शन गेले. संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "माका पेज दी, मीठ घालून."

त्या रात्री मला वाटले होते की गोळी वेळेवर दिली की प्रश्न मिटला. आज मी तसे म्हणणार नाही. गोळीने कॉर्टिझॉल मिळते, त्याचे नियमन मिळत नाही. पीयूषिका जे क्षणोक्षणी ठरवते, ते मी थर्मामीटर आणि आईचा चेहरा पाहून ठरवते. मात्रा कमी पडली तर पुन्हा दवाखाना, सतत जास्त झाली तर तुम्ही सांगता तेच दुष्परिणाम. तुमची भीती मलाही आहे. परवा तिला अंगदुखी होती, ताप नव्हता. भाऊ म्हणाला वाढवू नकोस, मी दुपारची मात्रा दुप्पट केली. तिला बरे वाटले, पण ते गोळीने की विश्रांतीने, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.