जीनियस असल्याचं सर्टिफिकेट

मी पुण्यात मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की टिळक रोडजवळच्या आमच्या केंद्रात पालकांची गर्दी सुरू होते. कुणाचा मुलगा ॲबॅकसच्या सगळ्या लेव्हल पूर्ण करून आलेला, कुणाची मुलगी शिष्यवृत्तीच्या यादीत आलेली. मूल हुशार आहे हे त्यांना माहीतच असतं, पण कागदावर हवं असतं. त्यातल्या एका दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा चौथीतला. वडील आयटीत. त्यांनी घरी नेटवरची एक टेस्ट करून घेतली होती, त्यात बुद्ध्यांक १४८ आला होता. "मॅडम, एकशेचाळीसच्या वर म्हणजे जीनियस ना? तेवढं रिपोर्टमध्ये लिहून मिळेल का?" त्यांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता आणि तो आकडाही त्यांनी मनाने काढलेला नव्हता. लुईस टर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१६ साली केलेल्या वर्गवारीत १४० च्या वरच्या गटाला खरोखरच 'जीनियस किंवा त्याच्या जवळपास' असं नाव होतं. आज कुठल्याही जबाबदार रिपोर्टमध्ये तो शब्द नसतो. मुळात १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ही चाचणी बनवली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करण्यासाठी. असामान्य माणसं शोधायला ती बनलेलीच नाही.

मुलाला आत घेतलं. शांत, थोडा हट्टी वाटला. प्रश्न काय होते ते सांगता येत नाही, पण तो ते कसे सोडवत होता ते सांगते. उत्तर मिळालं की बाकीची मुलं पटकन पुढे सरकतात. हा थांबायचा. दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येतंय का बघायचा. घड्याळ लावलेल्या भागांमध्ये त्याचे गुण भराभर गळत होते आणि नियमाप्रमाणे मला काही बोलता येत नव्हतं. शेवटी आकडा आला ११४. शंभर ही सरासरी आणि सुमारे दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये असतात, तेव्हा हा त्या पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला.

चाचणी आटोपली, वडील खाली गाडी लावायला जागा शोधत होते. त्याला गुंतवायला म्हणून मी गणितज्ञ कापरेकरांची संख्या दाखवली. चार आकडे घे, सगळे सारखे नकोत. मोठ्याकडून छोट्याकडे लाव, मग उलटे लाव, वजा कर, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच कर. त्याने ३५२४ घेतले. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८३५२. मग ६१७४. आणि पुढे कितीही केलं तरी ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच.

बहुतेक मुलं इथे "भारी!" म्हणतात आणि सोडून देतात. हा म्हणाला, "काकू, तीन आकड्यांचं काय?"

"करून बघ."

३२१ घेऊन बसला. १९८, ७९२, ६९३, ५९४, ४९५, पुन्हा ४९५. मग कागदाकडे नुसता बघत राहिला. वडील वर आले, निघायची घाई करू लागले, तरी याचं लक्ष नाही. एकदम म्हणाला, "मधला आकडा सगळीकडे नऊच आहे." थोड्या वेळाने, "असणारच की! मधे दोन्हीकडे तोच आकडा येतो आणि एककाला हातचा दिल्यामुळे एक कमी पडतो." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी वडिलांना खुणेने बसायला सांगितलं.

मग त्यांना कापरेकरांबद्दल सांगितलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस त्यांना मिळालं होतं. पुढे देवळालीत शाळामास्तर झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिले. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम किरकोळ मानलं. १९७५ मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जग दखल घेऊ लागलं, आणि तोवर कापरेकर सत्तरीला आले होते. आकड्यांशी खेळायचं मात्र त्यांनी कधी थांबवलं नाही.

टर्मनबद्दलही सांगितलं. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार तल्लख मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्यातली पुष्कळ मुलं चांगली शिकली, चांगल्या हुद्द्यांवर गेली. पण चाचणीत कमी पडले म्हणून यादीबाहेर राहिलेल्यांमध्ये विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. शॉकलींना १९५६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, अल्वारेझना १९६८ चं. निवडलेल्यांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही.

"म्हणजे हा जीनियस होईल म्हणता?" वडिलांनी विचारलं.

मी म्हणाले, ते मला कळत नाही आणि कुणालाच कळणार नाही. प्रतिभा काम उभं राहिल्यावर दिसते, तीही कधी कधी फार उशिरा. नऊ वर्षांच्या मुलात दिसते ती एवढीच गोष्ट: उत्तर मिळाल्यावरही त्याचं समाधान होत नाही. ही खोड मला ११४ पेक्षा कितीतरी मोलाची वाटते, आणि 'तू जीनियस आहेस' हे रोज ऐकवलं तर तीच आधी मरेल असं मी मनापासून मानते. ज्याला जीनियस ठरवलं, त्याला चुकायची भीती वाटू लागते. अशी मुलं मी खूप पाहिली आहेत. अवघड प्रश्न दिसला की ती पेन खाली ठेवतात.

रिपोर्टमध्ये आकडा लिहिला, कारण तो लिहावाच लागतो. शिफारशीत लिहिलं: वेगाचे क्लास बंद करावेत, रोज मोकळा वेळ द्यावा, त्या वेळेत काय केलं ते विचारू नये.

रिपोर्ट न्यायला आई आली. म्हणाली, "क्लास बंद केलाय. पण आता पाच आकड्यांचं घेऊन बसलाय. वही भरत आली, कुठे थांबतच नाही म्हणून चिडलाय नुसता."

पाच आकड्यांना तसा एकच मुक्काम नाही, संख्या चक्रात फिरत राहतात. मी ते आईला सांगितलं, आणि त्याला मात्र सांगू नका म्हणाले. त्याचं त्याला सापडू दे.