आईने 'जपून ठेवलेला' डीव्हीडी प्लेयर आणि माझे दोन दिवस

जुलैत चार दिवस चिपळूणला घरी गेलो होतो, बाहेर धो धो पाऊस, आणि आईने मधेच काढलं की ताईच्या लग्नाची शूटिंग बघायचीय. लग्न 2007 चं, म्हणजे डीव्हीडी, म्हणजे प्लेयर हवा. तर म्हणाली अरे आहे की माळ्यावर, मी अगदी जपून ठेवलाय.

जपून म्हणजे कसा, तर आधी क्रोशाचं कव्हर, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, तिला सुतळी, आणि आत डिस्क तशीच. कोकणातल्या दमट हवेत पिशवी अशी घट्ट बांधली की बाहेरची ओल आत जात नाही असं आपल्याला वाटतं, पण आत अडकलेली ओल पण बाहेर पडत नाही ना. कव्हरवर चक्क बुरशी होती. रिमोटमधले सेल फुटून पांढरी पावडर झालेली, तो रिमोट गेलाच.

लगेच प्लग लावायचा मोह होत होता पण लावला नाही. झाकणाच्या फटीतून आत बारीक दव दिसत होतं आणि अशा ओल्या मशीनला करंट दिला की लेन्सवर वाफ धरलेली असते ती वेगळीच, सप्लायचा बोर्ड पण उडू शकतो. दिवसभर पंख्याखाली कव्हर-पिशवी काढून ठेवला. आई दर तासाला विचारत होती, झाला का रे?

दुसऱ्या दिवशी लावला. डिस्प्ले आला, पण ट्रे उघडेना, नुसता घुर्र आवाज आणि अर्धा सेंटीमीटर पुढे येऊन परत आत. बाजारात एकाला फोनवर विचारलं तर त्याने न बघताच सांगितलं, हेड (म्हणजे डिस्क वाचणारा लेझर-लेन्सचा भाग) गेलं, नवीन घ्या. हेडचा आणि ट्रेचा काय संबंध हे काही मला पटलं नाही.

मग झाकण काढलं. इथे एक नीट सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लगच काढायचा, आणि काढल्यावर पण थांबायचं. सप्लायच्या बोर्डवर एक जाडा गोल कपॅसिटर असतो, त्यावर 400 व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं, आपल्या 230 व्होल्टचे त्यात साधारण 325 व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही ते थोडा वेळ तसेच राहू शकतात. मी जेवून आलो तोपर्यंत हातच लावला नाही, आणि नंतर सुद्धा त्या बाजूला बोट नेलं नाही.

ट्रेचं कारण अगदी फालतू निघालं, रबरी बेल्ट सैल होऊन पुलीवरून नुसता घसरत होता. नवीन मिळेपर्यंत जुगाड म्हणून बेल्ट काढून पाच मिनिटं पाण्यात उकळला (आईच्या चहाच्या भांड्यात, त्यावरून बोलणी खाल्ली), जरा आवळला आणि ट्रे बाहेर आला. आत भजनाची व्हीसीडी (म्हणजे व्हिडिओ भरलेली सीडीच), किती वर्षं होती देव जाणे.

झाकण लावून बघितलं तर नो डिस्क. झाकण लावूनच बघायचं बरं का. मागे क्लास 1 लेझर (म्हणजे डोळ्याला धोका नाही) असं लिहिलेलं असतं ते झाकण बंद असतानाचं आहे. आणि सीडी वाचणारा लेझर 780 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला धड दिसतच नाही, त्यामुळे उघड्या मशीनमध्ये डोकावून लाईट लागतेय का बघणं हा शुद्ध वेडेपणा.

परत प्लग काढला, परत थांबलो. लेन्सवर धुरकट थर होता. ती मुगाच्या दाण्याएवढी लेन्स केसासारख्या बारीक तारांवर लोंबकळत असते, जोर दिला की संपलं. कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी किंचित लावलं, टपकेल इतकं नाही, आणि हलकं फिरवलं. नेलपेंट रिमूव्हर वापरू नका, लेन्स प्लॅस्टिकची असते, पांढरी पडेल.

भजन सुरू झालं! आई हात जोडूनच बसली. पण ताईची डीव्हीडी काही केल्या लागेना. मला वाटलं आता खरंच हेड, कारण डीव्हीडीचा लेझर वेगळा असतो, 650 चा लाल, तेव्हा एक चालून दुसरा मेलेला असू शकतो. पण शेजाऱ्यांकडून एक डीव्हीडी आणली ती व्यवस्थित लागली. म्हणजे दोष आमच्या डिस्कचा.

उजेडात धरली तर सगळे चरे गोल गोल. आई म्हणते, मी दर दिवाळीला पदराने पुसत होते की. तिथेच घोटाळा. डेटा आतून बाहेर गोल गोल जात असतो, आडवा चरा गेला तर थोडाच भाग जातो आणि तेवढं प्लेयर सावरून घेतो, पण ट्रॅकच्या दिशेनेच चरा गेला की सलग मोठा तुकडा जातो. म्हणून मधून कडेकडे सरळ पुसायचं. नळाखाली भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावून धुतली, जुन्या मऊ बनियनने तशी पुसली आणि सावलीत वाळवली, कारण घरी किंवा स्टुडिओत राईट केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि तो उन्हाने उडतो. वर स्टुडिओचा कागदी स्टिकर अर्धा सुटलेला होता, तो दाबून बसवला, उपटला नाही.

लागली. हळदीला दोनदा अडकली, मंगलाष्टकांत एकदा, पण लागली. बाबा दिसले तेव्हा आई काही बोलली नाही, मी पण नाही.

त्याच रात्री यूएसबीचा डीव्हीडी ड्राईव्ह मागून आणून सगळं पेनड्राईव्हवर घेतलं. प्लेयर आता सेट टॉप बॉक्सवर नाही (तो खालून तापतो), वेगळ्या फळीवर आहे, मागे चार बोटं जागा सोडून. क्रोशाचं कव्हर आईने धुऊन वाळत घातलं होतं, मी निघताना विचारत होती, चालू नसताना तरी घालू का रे?