एचटी-2 चा डावा पंख उघडला त्या दिवशी

हवाई दलात एअरफ्रेम फिटर म्हणून नोकरी झाली आणि कोल्हापुरात परत येऊन उद्यमनगरात फॅब्रिकेशनची शेड टाकली. ट्रॉल्या, शेडचे ट्रस, फाउंड्रीवाल्यांची किरकोळ कामं. विमानाच्या पत्र्याला पुन्हा हात लागेल असं वाटलं नव्हतं. मग एका संस्थेच्या आवारात बरीच वर्षं उघड्यावर उभं असलेलं एचटी-2 बघायला बोलावणं आलं.

एचटी-2 हे भारतातच आराखडा काढून भारतातच बांधलेलं प्रशिक्षण विमान. 1951 साली बंगळूरला ते पहिल्यांदा उडालं. त्याचा आराखडा ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते डॉ. विष्णू माधव घाटगे मूळचे हसूरचंपूचे, म्हणजे आपल्या गडहिंग्लजकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेला माणूस. हवाई दलातली कितीतरी पोरं या विमानावर उडायला शिकली. ते कोल्हापूरच्या पावसात भिजत उभं असलेलं बघून मला राहवलं नाही.

संस्थेचं म्हणणं सरळ होतं : खड्डे पुट्टीनं भरा, रंग मारा. "उडवायचं थोडंच आहे?" त्यांच्या बाजूनं ते खरंही होतं. पण डाव्या पंखाच्या खालच्या पत्र्यावर मुळाजवळ, म्हणजे पंख धडाला जोडतात तिथं, रिबिटांच्या रांगेत फुगवटा दिसत होता. एका ओळीत पत्रा असा वर उचलला गेला असेल तर आतून काहीतरी फुगून त्याला ढकलतंय हे नक्की. मी अट घातली : आधी हा पंख उघडणार, मग रंगाचं बोलू.

पंख सोडवून शेडमध्ये आणला आणि उलटा करून दोन लाकडी घोड्यांवर ठेवला, एक मुळाशी, एक टोकाशी. घोड्यांना पंखाच्या आकाराच्या खाचा आणि त्यात नमदा. जोडीला आमचे मिस्त्री होते. उभं आयुष्य ऑइल इंजिनं जुळवण्यात गेलेलं, विमान जवळून पहिल्यांदाच बघत होते. पण पहिली गोष्ट त्यांनी केली ती बांधकामावर पातळी बघायची पाण्याची नळी मागवली. मुळाचा पुढचा-मागचा कोपरा, टोकाचा पुढचा-मागचा कोपरा, चारी ठिकाणची उंची घेऊन भिंतीवर खडूनं लिहून ठेवली. "मेजर, उघडायच्या आधी माप पायजे. मागनं कशाशी जुळवायचं?" हवाई दलातनं आलेल्यालाही आमच्याकडं मेजरच म्हणतात.

रिबिट काढणं म्हणजे डोक्याच्या बरोब्बर मध्यावर पंच मारायचा, डोक्याच्या जाडीएवढंच ड्रिल न्यायचं, डोकं उडवायचं आणि मागून आधार देऊन दांडी हलकेच ठोकून काढायची. ड्रिल तिरकं गेलं तर भोक लंबगोल होतं आणि पुढचं रिबिट त्यात घट्ट बसत नाही. म्हणून घाई करायची नाही. थोडी भोकं मोकळी झाली की दर काही भोकांत एक क्लेको लावायचा. ही स्प्रिंगची पिन असते, पत्रा जागेवर धरून ठेवते.

दुपारी जेवणानंतर मागच्या कडेची रांग चालू होती. मी एक क्लेको काढला आणि शेजारच्या भोकात घालायला गेलो, तर जाईना. पत्र्याचं भोक आणि खालच्या रिबचं, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळीचं, भोक सरकलेलं. क्षणभर काही कळलं नाही. तेवढ्यात मिस्त्री ओरडले, "हात काढा! बसायलाय त्यो!" टोकाकडचा मागचा कोपरा खाली गेला होता. ते पळत जाऊन स्क्रू जॅक घेऊन आले, वर लाकडी ठोकळा ठेवून रिबखाली लावला. नळी धरली तर सहा मिलिमीटरचा फरक.

झालं होतं असं. अशा पंखात पत्रा नुसतं पांघरूण नसतो. स्पार (मुळापासून टोकापर्यंत जाणारी पंखाची मुख्य तुळई), रिबा आणि वरखालचा पत्रा मिळून बंद पेटी होते आणि पंखाला पिळणारा जोर ती पेटी पेलते. एक बाजू उघडली की पेटी लुळी पडते. तरी स्पार निरोगी असता तर घोड्यांवर पंख इतका हलला नसता. इथं स्पारचं कामसुद्धा तो पत्राच करत होता.

मिस्त्रींनी पाव-पाव आटा फिरवत, दर वेळी नळी बघत, कोपरा भिंतीवरच्या मापाला आणला. अडलेला क्लेको अलगद आत गेला. मग घोड्यांच्या मधे आणखी तीन आधार दिले आणि संध्याकाळी पत्रा उचलला.

स्पारचा खालचा फ्लँज, म्हणजे तुळईची जाड कड, मुळापासून हातभर लांबीत खारी बिस्किटासारखा पदर सुटून फुलला होता. नख लावलं तर राखाडी पापुद्रे हातात येत होते. ड्युरॅल्युमिन या विमानाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा हा जुना रोग. 1906 साली आल्फ्रेड विल्म यांना हा धातू सापडला. त्यातल्या सुमारे चार टक्के तांब्यामुळं त्याला ताकद येते आणि त्याच तांब्यामुळं ओलाव्यात तो आतून कणाकणाच्या सीमेनं सडतो. पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देऊन त्याला वाचवता येतं, पण जाड फ्लँजच्या कापलेल्या कडेला तसं कवच नसतं.

पाणी आत का साठलं तेही समोरच होतं. खालच्या पत्र्याला निचऱ्याची बारीक भोकं असतात. दर समारंभाआधी मारलेल्या रंगानं ती सगळी बुजली होती. कडेला खरवडलं तर रंगाचे चार थर मोजता आले. आत कुंभारीण माशीनं मातीची घरटी केलेली, आणि ती माती ओल धरून बसलेली. विमान चांगलं दिसावं म्हणून ज्यांनी रंग मारला त्यांची तळमळ खोटी नव्हती. भोकांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

संस्थेचे लोक आले. त्यांच्या ठेकेदारानं लोखंडी अँगल वेल्ड करायचं सुचवलं. मी स्पष्ट नाही म्हणालो. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूच्या धातूची ताकद जाते आणि ॲल्युमिनियमला लोखंड चिकटलं की ओलाव्यात ॲल्युमिनियम आणखी झपाट्यानं खाल्लं जातं. उद्या एखादा आयटीआयचा पोरगा हा पंख बघेल तेव्हा त्याला आत स्पार दिसला पाहिजे, अँगल नाही. फुललेला फ्लँज दाखवल्यावर त्यांनीही ताणलं नाही.

सडका भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापला. बाजारात सहज मिळते ती एचई-30 या साध्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची पट्टी. आम्ही हटून प्रमाणपत्रासह तांब्याच्या जातीची एचई-15 मागवली आणि शिरोलीतल्या ओळखीच्या मशिन शॉपमध्ये तिचा तुकडा कापून घेतला. दोन्ही बाजूंनी लांब जोडपट्ट्या, प्रत्येक सांध्यात ओला प्रायमर, आणि मग रिबिटं. मी रिबिट ठोकायची गन धरली, पलीकडून डॉली, म्हणजे दांडीमागं धरायचा लोखंडी ठोकळा, मिस्त्रींनी. पहिल्या चार-पाच रिबिटांनंतर त्यांना नुसत्या आवाजावरून रिबिट बसलं की नाही ते कळायला लागलं.

पत्रा जुनाच परत बसवला. निचऱ्याची भोकं मोकळी केली, त्यांच्याभोवती लाल वर्तुळं काढली आणि रंगाऱ्यासाठी संस्थेला मराठीत कागद लिहून दिला. उजवा पंख आता शेडमध्ये आलाय. त्याचीही भोकं बुजलेली आहेत. या वेळी पहिलं रिबिट काढायच्या आधी सगळ्या रिबांखाली आधाराचा पूर्ण जिग, म्हणजे पंख जागेवर धरून ठेवणारा सांगाडा, बांधायचा असं ठरलंय, आणि मिस्त्रींनी भिंतीवर मापं लिहायला सुरुवात केली आहे.