पाय लागला

रविवार, पणजी. रात्र.

पाय लागला आणि मी वाकले. एवढंच झालं. हात आधी दगडाला, मग कपाळाला, पुस्तकाला पाय लागला की करतो तसं. वहिनी फस्सकन हसली. "वन्सं, किती जणांच्या पाया पडाल? पुढे अख्खी रांग आहे."

होतीच. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची जमीनच थडग्यांच्या दगडांची. चर्च १६६१ चं. दार त्याहून जुनं, आधीच्या चर्चचं तेवढं ठेवलेलं. दगडांवर घराण्यांची चिन्हं, शिरस्त्राणं, वेलबुट्टी. कडेला नक्षी अजून बोटाला लागते, मधे पायांनी पार गुळगुळीत. समोर वेदीवर संताच्या मूर्तीखाली त्याची व्रतं लिहिलीत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. आणि खाली ही सरदारकी!

दादा मोबाईल वर धरून छताचे फोटो काढत सगळ्यांवरून चालत गेला. त्याला कधीच काही लागत नाही. सगळं मलाच. आईच्या वेळीही... जाऊ दे.

एका आजोबांना पोर्तुगीज येत होतं. वाकून, चष्मा सरकवत त्यांनी एक दगड वाचला. 'ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची.' अमक्याचं नाव पुसलेलं, वारस मात्र शाबूत.

तेव्हा लक्षात आलं, मला काय टोचतंय ते. परवा दादाकडे चपलांच्या कपाटामागे बाबांच्या नावाची पितळी पाटी दिसली होती. रंगकामात काढलेली. मी बोलले नाही. गाडीत मात्र कुडाळपासून मनात भांडत होते. चपलांमागे? बाबांची?

शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे व्हाइसरॉयांच्या तसबिरी भिंतीवर ओळीने. पाय लागायची सोयच नाही. आत्ता लिहिताना त्यातलं एकही नाव आठवत नाहीये. पायाखालच्या दगडावरचं ते लांब शेपटीचं 'आर' अक्षर मात्र जसंच्या तसं दिसतं.

आणि मी तरी पाटी कुठे मागितली? माझ्या दारावर ह्यांचं आडनाव आहे, तिथे कुठे लावणार होते? वारस म्हणे.

जेवताना न राहवून विचारलंच. दादा मासा निवडत म्हणाला, "अगं, घासायला काढलीय. पीतांबरी आणायची राहतेय."

"कधीपासून?"

वहिनीने ताटातून मान वर केली नाही. मीच म्हटलं, चिंच चालते. घरात आहे ना चिंच?