डावं फेंडर, २८० मायक्रॉन

गाडीला पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, करावं की नाही, असं मला रोज कुणीतरी विचारतं, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. मेहुण्याने केलेलं असतं, नाहीतर शोरूमवाल्याने पॅकेजमध्ये घुसडलेलं असतं. माझ्याकडून त्यांना फक्त भाव हवा असतो. पिंपळगाव बसवंतच्या अण्णांना मात्र खरंच उत्तर हवं होतं. त्यांची गाडी अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझं दुकान नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ. गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवणं हा मुख्य धंदा. लोकांना वाटतं चिकटवणं हेच काम, पण ते सगळ्यात शेवटी येतं. आधी धुणं, डांबराचे ठिपके काढणं, ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण केमिकलने सोडवणं (ते जांभळे होऊन ओघळतात आणि गिऱ्हाईक घाबरतं), मग क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारख्या वडीने रंगात रुतलेली घाण ओढून काढणं, मग पॉलिश. फिल्मखाली एक केस राहिला तर तो पाच-सात वर्षं तिथेच. म्हणून आम्ही ऐन मे महिन्यातही पंखा लावत नाही, धूळ उडते. फिल्म सरकवायचं पाणी म्हणजे आरओच्या पाण्यात थोडा बेबी शाम्पू. बोअरचं पाणी वापरलं की क्षारांचे डाग आत कायमचे बसले. बाकी सगळं रोजचंच.

अण्णा आले ते लाल पोर्शे ७१८ केमन घेऊन. द्राक्षाचा एक्स्पोर्ट, सीझन नुकताच संपलेला, गाडी मुंबईहून सेकंड हँड घेतलेली. चालवत होता मुलगा, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे तो. अण्णा शेजारच्या सीटवरून कसेबसे बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊ, ही बसायची गाडी नाही, झोपायची आहे." माझ्याकडच्या पोराने इंजिन बघायला म्हणून पुढचं बॉनेट उघडलं, तर आत डिकी. इंजिन सीटच्या मागे असतं हे त्याला सांगेपर्यंत तो स्टेपनीच्या जागी काहीतरी शोधत होता.

मुलाने आल्या आल्या फर्मान काढलं, "दादा, फुल बॉडी करायचंय. परवा ताईचा साखरपुडा आहे, त्याच्या आत द्या."

"फुल बॉडीला चार दिवस लागतात."

"पुण्यात दोन दिवसांत देतात."

देत असतील. दोन दिवसांत द्यायचं तर फिल्म गाडीवर टाकून तिथेच ब्लेडने कापावी लागते. प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, मापात कापून आणणं, कडा आत वळवणं, चाकाभोवती पॅनेल सोडवून घेणं याला वेळ जातो. गाडीवर कापणाऱ्याचा हात फार हलका असला तर ठीक, नाहीतर ब्लेड क्लिअर कोटमध्ये, रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरतं. त्या दिवशी काही दिसत नाही. काही वर्षांनी फिल्म काढली की दाराच्या कडेने सरळ रेघ उघडी पडते, आणि तोवर दुकानाचं नाव बदललेलं असतं.

मुलाने रील्स भरपूर बघितल्या होत्या. फिल्मवर किल्लीने ओरबाडायचं, गरम पाणी ओतायचं, ओरखडा गायब. ते खोटं नाही. चांगल्या फिल्मच्या वरच्या थराला उष्णता मिळाली की बारीक चरे भरून येतात, नाशिकच्या उन्हात तर आपोआप. पण कापलं गेलं तर कापलं. दहा वर्षांच्या वॉरंटीचंही तसंच. बारीक अक्षरं वाचली तर फिल्म पिवळी पडली, तडकली, फुगे आले तर वॉरंटी. समोरच्या डंपरमधून खडी उडून फिल्म फाटली तर ती तुमची. आणि बाजारात टीपीयू, म्हणजे खऱ्या पीपीएफचं लवचिक प्लास्टिक, सांगून साधं पीव्हीसी विकणारे कमी नाहीत. पीव्हीसी दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं, मग लोक म्हणतात पीपीएफच बेकार.

अण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला लागतंय का हे?"

मी म्हटलं, गाडी फिरणार कुठे? पिंपळगाव ते मुंबई, महिन्यातून दोन-तीनदा. इगतपुरीपर्यंत आग्रा हायवे आणि पुढे समृद्धी. समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, तेव्हापासून कसाऱ्याचा घाट चुकतो. पण १२० च्या वेगाला समोरून आलेला हरभऱ्याएवढा खडा रंगाचा टवका काढतोच. शिवाय सिंहस्थासाठी शहराभोवती जिकडे बघाल तिकडे खोदलेलं, खडीच्या गाड्या झाकण न टाकता धावतायत आणि त्यांना कुणी अडवत नाही. जमिनीला टेकलेल्या गाडीला हे सगळं तोंडावर. या गाडीच्या मागच्या चाकांपुढे हवा आत घ्यायची खिडकी आहे, तिथे बॉडी बाहेर फुगलेली. पुढचं चाक खडा उचलतं आणि बरोबर तिथे मारतं. म्हणून मी म्हटलं, लागतंय. पूर्ण नाही, पण पुढचं तोंड, दारांखालचे उंबरे आणि मागचे फुगवटे तरी नक्की.

ही फिल्म मुळात व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवायला आली, हे सांगितल्यावर मुलाचे डोळे चमकले. अण्णांचे नाही.

मग मीटर काढलं.

कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी मी रंगाची जाडी मोजतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास. आम्ही लावतो ती फिल्म २०० च्या आसपास, म्हणजे मूळ रंगापेक्षा राखणदार जाड. उजवं दार १२४. मागचं उजवं फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, १२१. छत ११८. सगळं जिथल्या तिथे. बॉनेटवर टेकवलं आणि २४० आलं. दोन बोटं सरकवलं, २५५. डावं फेंडर २८०, चाकाच्या कमानीजवळ ३१०.

मीटर बिघडलं असेल म्हणून पोराने पुन्हा शून्य करून आणलं. तेच आकडे. मग मी फेंडरचे बोल्ट बघितले. पान्याने फिरवलेल्या बोल्टच्या कोपऱ्यावरचा रंग सोललेला असतो, तसा होता. आतल्या कडेला बोट फिरवलं तर मास्किंग टेपची बारीक पायरी हाताला लागली. एलईडी आडवा धरला तर बॉनेटच्या डाव्या अंगाला धुळीचे दोन कण रंगात अडकलेले. पुट्टी भरलेली नव्हती, नाहीतर आकडा हजाराच्या दिशेने गेला असता. म्हणजे ठोकर मोठी नव्हती. आणि ज्याने रंग दिला त्याचा हात चांगला होता, हे कबूल करायला पाहिजे. लाल रंग जुळवणं सोपं नाही. उन्हात उभं राहूनही फरक कळत नव्हता.

बंपर प्लास्टिकचा, त्यावर माझं मीटर मुकं. पण बॉनेट आणि फेंडर रंगवलंय आणि मधला बंपर मात्र अस्सल, असं होत नाही.

आमच्या लाइनमध्ये बरेचजण मीटर लावतच नाहीत. लावलं की सांगावं लागतं आणि सांगितलं की गिऱ्हाईक बिथरतं. इथे तर गाडी देणारा दलाल अण्णांच्या साडूंच्या ओळखीतला होता. "नॉन-ॲक्सिडेंटल, सगळा ओरिजिनल पेंट" या शब्दावर गाडी घेतलेली. मी मीटर अण्णांच्याच हातात दिलं आणि म्हटलं, तुम्हीच टेकवा. त्यांनी दार, छत, बॉनेट, फेंडर, पुन्हा दार असं मोजलं. तोंडातून शब्द नाही. मुलगा म्हणाला, "पण दिसत तर नाहीये ना काही? मग फिल्म टाकली की झाकून जाईल."

तिथेच खरी मेख आहे. कारखान्यात गाडीचा सांगाडा नुसता असतो, त्यामुळे रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. गॅरेजमध्ये वायरिंग, प्लास्टिक, रबर सगळं जागेवर असतं, तिथे ६० च्या पुढे फारसं जाता येत नाही. मग रंग किती धरलाय ते घासणाऱ्याने खाली किती नीट घासलं त्यावर. फिल्मचा गोंद मात्र कुणाची कीव करत नाही. फिल्म काढायची वेळ आली की कच्चा रंग तिच्यासोबत निघतो. कधीकधी लावतानाच निघतो, कारण कोपऱ्यात सुरकुती आली की फिल्म उचलून पुन्हा बसवावी लागते.

पोरांच्या सरावासाठी मी भंगारातून आणलेलं एक फेंडर ठेवलंय, कुठल्यातरी सेडानचं, कधीकाळी रंगवलेलं. त्यावर सरावाची फिल्म बरेच दिवस पडून होती. ते आणून अण्णांसमोर टाकलं, हीट गनने कड गरम केली आणि ओढली. वीतभर नीट आली. पुढे 'चर्र' झालं आणि फिल्मच्या उलट्या बाजूला पांढऱ्या रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा चिकटून आला. खाली राखाडी प्रायमर, त्यावर पॉलिश पेपरची एक खूण नाही. न घासताच रंग मारलेला.

अण्णांनी तो पापुद्रा नखाने खरवडून बघितला. "आमच्याकडं गारा-पावसासाठी बागेवर प्लास्टिक टाकतात," ते म्हणाले. "पाऊस अडतो. पण आत भुरी असली तर प्लास्टिकखाली ती वाढते. आणि वरून बाग हिरवीगार."

इतक्या वर्षांत मला हे कुणाला इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

आता पेच असा, की जिथे फिल्म सगळ्यात जास्त हवी, तिथलाच रंग भरवशाचा नाही. बॉनेट उघडं ठेवावं तर खडा बसणार, आणि गॅरेजचा रंग टवक्याला लवकर बळी पडतो. फिल्म टाकावी तर काढताना रंग जाण्याची भीती. मुलाचा मुद्दा चुकीचा नव्हता: "दादा, रंग तसाही दुसऱ्यांदा मारलेलाच आहे. सात वर्षांनी गेला तर गेला, पुन्हा मारू. तोवर तर शाबूत राहील." हिशेबाला पटण्यासारखं आहे. पण सात वर्षांनी माझ्या दारात उभं राहून "तुमच्या फिल्मने रंग गेला" म्हणणाराही हाच मुलगा असेल, आणि रंगवलेलं पॅनेल बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

मी सल्ला दिला: अस्सल रंग आहे तिथे डोळे झाकून करा. दारांच्या कडा, उंबरे, मागचे फुगवटे, हेडलाइट. बॉनेट, बंपर आणि डावं फेंडर सोडा, आधी एखाद्या चांगल्या पेंटरला दाखवा. त्याने खाली उतरवून नव्याने केलं तर महिनाभर रंगाला श्वास घेऊ द्या, आतलं सॉल्व्हंट उडून जाऊ द्या, मग माझ्याकडे या. पूर्ण गाडीचे मी एक लाख पंचाऐंशी हजार सांगितले होते, ते निम्म्यावर आले. दुकानातला पोरगा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी त्याचाच पगार कापला.

अण्णा बंपरवर अडले. "तिथं तर रोजच खडा बसणार. तिथं टाकाच. निघाला तर माझा." मी बिलावर तसं लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. बंपर मी स्वतः केला. डावीकडच्या हवेच्या जाळीपाशी वळण फार खोल आहे, फिल्म ताणली की पांढुरकी होते. ती सोडून पुन्हा बसवायला लागली, दोनदा. प्रत्येक वेळी उचलताना कान आवाजाकडे होते. रंग धरून राहिला. पण ओल्या गोंदावर धरला, एवढाच त्याचा अर्थ. गोंद पुढे आठवडे मुरत जातो, खरी पकड नंतरची. साखरपुड्याला गाडी गेली नाही, ते इनोव्हाने गेले.

दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला. "शेठ, तुमचं काम फिल्म लावायचं. मीटर लावून आमची गिऱ्हाइकं कशाला फोडता?" मी म्हटलं, मीटर अण्णांनीच लावलं. त्याने फोन आपटला. पुढे साडू-साडूंमध्ये काय झालं ते मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण या धंद्यात येतं.

पावसाळा संपल्यावर गाडी धुवायला म्हणून आली. मागच्या फुगवट्यांवर फिल्मला दोन बारीक खड्डे, खाली रंग शाबूत. ते मी मुद्दाम मुलाला दाखवलं. त्याने मला हाताला धरून बॉनेटपाशी नेलं. पुढच्या कडेला मुगाएवढे तीन टवके. मोठ्या टवक्यात सगळे थर दिसत होते: लाल, त्याखाली राखाडी, त्याखाली पुन्हा लाल. "सांगितलं होतं ना दादा," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला.

मी पुन्हा तोच सल्ला दिला असता. टवका भरता येतो, एका पॅनेलचा रंग करता येतो. फिल्मसोबत पापुद्रा निघून आला की वाद होतो. पण हे उत्तर गाडीच्या भल्याचं की माझ्या, हे मुलाने विचारलं असतं तर चटकन सांगता आलं नसतं. त्याने विचारलं नाही. त्या मोठ्या टवक्याची कड मी नखाने उचलून बघितली. रंग हलला नाही. मूळ लालवर घट्ट बसला होता. म्हणजे त्या पेंटरने खाली घासलं होतं. निदान त्या जागी तरी.

अण्णांनी फोनवर विचारलं, "मग टाकायची का बॉनेटवर?" मी म्हटलं, टवके भरून घेऊ, ते सुकू दे, आणि डाव्या फेंडरवर आतल्या कडेला कुणाला दिसणार नाही अशा जागी बोटभर फिल्म लावून ठेवू. द्राक्षाची छाटणी उरकली की या, ओढून बघू.